आबांच्या मशीनचं कव्हर

निकाल लागले की आमच्या जळगावच्या घरी पालक येऊ लागतात. सोबत मुलगा किंवा मुलगी, हातात एखाद्या संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक, आणि प्रश्न ठरलेला: "साहेब, वैद्यकीय उपकरणांच्या डिझाइनमध्ये एम.टेक. केल्यावर पुढे काय?" यंदा बाहेरून कोणी यायच्या आधीच तो घरात विचारला गेला. माझ्या मुलीने, अनघाने, जेवणाच्या टेबलावर प्रवेशाचा अर्ज ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही हेच शिकलात ना? मग आजवर काय काय डिझाइन केलंत?"

मी आमटी वाढून घेतली. खरं उत्तर होतं, एकच वस्तू. आणि तीही कापडाची.

आधी त्या माहितीपत्रकाबद्दल बोलतो. पहिल्या पानावर पांढरे कोट घातलेली मुलं एका यंत्राकडे बघून हसत असतात. मी वीस वर्षं या यंत्रांमध्ये काढली, यंत्राकडे बघून हसणारा माणूस मला भेटलेला नाही. दुसऱ्या पानावर 'शंभर टक्के नोकऱ्या' असतं. शंभर टक्के दिसले की मी विचारतो, किती जणांचे शंभर टक्के? आमच्या वर्गात अकरा जण होतो. अकराही जणांना नोकरी लागली, म्हणजे माहितीपत्रक खोटं बोलत नव्हतं. फक्त कसली नोकरी ते सांगत नव्हतं.

अकरातले दोघं खरोखर डिझाइन करतात. त्यातला एक गेली सहा वर्षं सलाईनच्या पंपाच्या एका झाकणावर आहे. चौघं कागद करतात. कोणतंही उपकरण बाजारात आणायचं तर ते सुरक्षित आहे याचे पुरावे सरकारला द्यावे लागतात, ते पुरावे जमवून मांडणं हे मोठं काम असतं. पगारही त्यातच बरा. त्यांच्यातला एक मला म्हणाला होता, "आमचं यंत्र दोन किलोचं आणि फाइल अकरा किलोची." दोघं विक्रीत गेले. विक्री म्हणजे दुकान नव्हे. शस्त्रक्रिया चालू असताना ते मास्क लावून कोपऱ्यात उभे राहतात आणि कृत्रिम गुडघ्याचं कोणतं माप बसेल ते सर्जनना सांगतात. एक जण शिकवतो. केतकी नावाची मैत्रीण पुण्यात एका कंपनीत, लोक यंत्र कसं वापरतात ते बघत बसते. अक्षरशः बघत बसते. सिस्टरने कोणतं बटण आधी दाबलं, कुठे अडली, हे टिपून घेते. कॉलेजात या विषयाचा एक पेपर होता. मी म्हटलं होतं, "बघत बसायला पदवी कशाला लागते?" त्या पेपरात मला सगळ्यात कमी गुण होते, एक्केचाळीस.

अकरावा मी. मी तपासतो. एरंडोलपासून शिरपूरपर्यंत, धुळ्यातल्या आणि जळगावातल्या दवाखान्यांतली यंत्रं जे आकडे दाखवतात ते खरे आहेत का, हे माझ्याकडच्या यंत्रांनी पडताळून प्रमाणपत्र देतो. या धंद्याचं भांडवल म्हणजे संशय. आकडा वाईट आला तर मी शांत असतो, फार चांगला आला की खुर्ची पुढे ओढतो. धुळ्याच्या एका दवाखान्यात नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राची नोंदवही होती. महिनाभर रोज तीन वेळा ३६.५. मी विचारलं, "सिस्टर, सतरा तारखेला कोण बाळ होतं?" त्या म्हणाल्या, "सतराला? सतराला तर वॉर्डला रंग लावत होते." सतराच्या रकान्यातही तीन वेळा ३६.५ होतं.

असे अनुभव साठत गेले की माणसाला वाटू लागतं, आपल्याला कोणी फसवू शकत नाही. तिथेच मी घसरलो.

दोंडाईच्याला व्यापारी मंडळींचा एक छोटा ट्रस्ट आहे. ज्यांना घरी प्राणवायू लागतो अशा रुग्णांना ते मशीन वापरायला देतात. हे मशीन खोलीतली हवा आत ओढतं, तिच्यातला नायट्रोजन अडवतं आणि नव्वद टक्क्यांच्या वर शुद्धतेचा प्राणवायू नळीने नाकाशी सोडतं. सिलिंडर बदलायची भानगड नाही, वीज मात्र हवी. ट्रस्टकडे मशीन नऊ आणि मागणारे कायम जास्त. म्हणून नियम कडक होता: दर सहा आठवड्यांनी तपासणी, आणि कोणी मशीन नीट वापरत नसेल तर ते काढून यादीतल्या पुढच्याला. तपासणी माझ्याकडे होती. म्हणजे कोणाच्या घरचं मशीन राहणार आणि कोणाच्या घरचं जाणार, हे माझ्या कागदावर ठरायचं.

आत्माराम आबा हे त्यातले एक रुग्ण. तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेले, छातीचा भाता झालेला. घरात ते आणि सून सुरेखा. मुलगा टँकरवर ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी. डॉक्टरांनी झोपेचे तास धरून दिवसाचे किमान सोळा तास प्राणवायू सांगितला होता आणि बोटाला लावायच्या यंत्रावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा ८८ ते ९२ राहावा असं बजावलं होतं. मशीन बसवायला मीच गेलो होतो. नेहमीच्या सूचना दिल्या. त्यातली एक, "ताई, याला धुळीपासून जपा. धूळ हा याचा शत्रू."

एप्रिलमध्ये सुरेखाचा फोन आला. "भाऊ, आबास्ले दुपारना दम लागस. मशीन कमी देस असं वाटस."

मी दुसऱ्या दिवशी येतो म्हणून कळवलं आणि सकाळी साडेदहाला पोचलो. पत्र्याची खोली, सारवलेली जमीन, भिंतीलगत मशीन, पुसून लख्ख. मोजलं तर शुद्धता ९३.४. प्रवाह बरोबर. मी म्हटलं, "यंत्र चांगलं आहे." ती म्हणाली, "दुपारनं पाहिजे व्हतं तुम्ही." मला ते उद्धट वाटलं. दहा दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा मी कळवून सकाळी हजर, पुन्हा ९३.२. दोन वेळा तक्रार आणि दोन्ही वेळा यंत्र निर्दोष. माझी खुर्ची पुढे सरकली.

सहा आठवड्यांच्या नियमित तपासणीला गेलो ते मे महिन्यात. या मशीनला पाठीमागे तासांचा एक काटा असतो, मशीन एकूण किती तास चाललं ते दाखवणारा. तो शून्यावर आणता येत नाही, खाडाखोड करता येत नाही. बेचाळीस दिवस, रोज सोळा तास, म्हणजे ६७२ व्हायला हवे होते. झाले होते ४३८. दिवसाला साडेदहालाही थोडे कमी. आणि सुरेखाने ठेवलेल्या नोंदींच्या वहीत, सुरेख अक्षरात, रोज सोळा तास.

शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी न विचारता भर घातली, "आम्हले भिंतीमाईन आवाज येस ना. मधमाच बंद पडस."

मी आबांच्या समोरच विचारलं. तसं विचारायला नको होतं. "ताई, वही सोळा सांगते, यंत्र साडेदहा सांगतं. रोजचे साडेपाच तास कुठे गेले?"

तिने पदर सारखा केला आणि स्वयंपाकाच्या बाजूला गेली. आबा नाकाची नळी सावरत म्हणाले, "साहेब, तिले काही बोलू नका. मना जीव तिनाच हातमा शे." मला वाटलं, म्हातारा घाबरलेला आहे. ज्याचा जीव जिच्या हातात, तो तिच्याविरुद्ध काय बोलणार? माणूस संशय घ्यायला बसला की समोरचा प्रत्येक शब्द पुरावा होतो. तिचं निघून जाणंही मी पुराव्यातच धरलं.

तिथून निघालो, स्टेशनजवळ गाडी लावली, चहा सांगितला आणि ट्रस्टचं काम बघणाऱ्या शांतिलालभाईंना मोबाईलवर लिहिलं: "आत्माराम आबांकडे यंत्राचा वापर होत नाही. नोंदी खोट्या. परत घ्यावं." शांतिलालभाई कापडाचे व्यापारी, दुकानातून लगेच उत्तर आलं: "ठीक. उद्या उचलतो."

चहा संपला. सही करायचा अहवाल लिहू लागलो. माझ्या अहवालात शेवटी 'प्रत्यक्ष पाहिले' असं वाक्य असतं. मी काटा पाहिला होता, वही पाहिली होती. मशीन बंद ठेवलेलं पाहिलं नव्हतं. ते वाक्य लिहिता येईना. मग ठरवलं, न सांगता परत जायचं आणि पकडायचंच. हो, पकडायचं, हाच शब्द मनात होता.

दुपारचे दीड वाजले होते. दार लोटलेलं होतं. आत गेलो तर मशीन दिसेना. जिथे मशीन होतं तिथे जाड, कापूस भरून शिवलेलं, जुन्या गोधडीचं कव्हर उभं होतं. त्यावर लाल दोऱ्याने काढलेले दोन पोपट. जमिनीपर्यंत सगळीकडून बंद, खाली नाडी ओवून घट्ट बांधलेली. नळी जायला एक भोक, त्याच्या कडा काजासारख्या शिवलेल्या. मशीन बंद होतं. घरातला एकुलता एक टेबलफॅन मशीनकडे तोंड करून लावलेला, आणि सुरेखा घामाने भिजून आबांना पुठ्ठ्याने वारा घालत होती.

मला पाहून ती उठली. पहिलं काय केलं असेल तर नाडी सोडून कव्हर काढायला धावली.

"थांबा," मी म्हटलं. "हे का घातलंय?"

"धूळ नको लागाले. तुम्हीच सांगं व्हतं ना."

"मग मी येतो तेव्हा नसतं ते?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू शिकल्यासवरल्या माणसाला एवढंही कळू नये. "पाव्हना येस तव्हय सोफाना कव्हर काढतस ना? मंग."

मी आलो की कव्हर निघत होतं. मी कळवून यायचो, म्हणून ते वेळेवर निघत होतं. मी सकाळी यायचो, तेव्हा पत्रा तापलेला नसायचा. मला दोन्ही वेळा ९३ दिसले, कारण ते दिसण्याची सगळी व्यवस्था मीच केली होती.

"आणि बंद का ठेवलं?"

"तापी गयं. हात लाई देखा. शेतनी मोटर तापनी की तिले इसावा देतस ना? हाई बी मोटरच शे. घंटाभर चालाडानं, आर्धा घंटा इसावा." म्हणजे तासभर चालवायचं, अर्धा तास थंड होऊ द्यायचं.

मी मनात भागाकार केला. सोळाचे दोन तृतीयांश दहा तास चाळीस मिनिटं. काट्यावरून आलेले दहा तास सव्वीस. फरक चौदा मिनिटांचा, तो वीज जाण्याचा. तिचा हिशेब माझ्या काट्याशी जुळत होता. वहीत सोळा लिहिले होते ते नळी नाकाला असण्याचे. नळी तर सोळा तास होतीच.

मग एक प्रश्न सुचला आणि तो विचारायची मला भीती वाटली. "ताई, रात्रीसुद्धा?"

"मोबाईलमा गजर लावस."

बेचाळीस रात्री ती बाई मशीनला विसावा द्यायला उठत होती. आणि मी तिला तिच्या सासऱ्यासमोर चोर ठरवून चहा प्यायला गेलो होतो.

गाडीत छोटा सिलिंडर असतो, आबांना त्यावर ठेवलं आणि मशीन कव्हरसकट चालू केलं. दर दहा मिनिटांनी मोजलं. ९३, ९१, ८७, ८२. चाळिसाव्या मिनिटाला मशीनने इशाऱ्याचा पिवळा दिवा लावला, जो गोधडीखाली कोणालाही दिसला नसता. त्याच्यासोबत बारीक आवाजही होत होता. तोही कापसाने पिऊन टाकला होता. मशीनला हवा आत घ्यायला जागा नव्हती, गरम हवा बाहेर टाकायलाही नव्हती. माहितीपुस्तिकेत सतराव्या पानावर 'यंत्र झाकू नये' असं होतं. इंग्रजीत. मी तोंडी सांगितलं होतं ते एवढंच की धुळीपासून जपा, आणि तिने माझा शब्द न् शब्द पाळला होता.

मी म्हटलं, "ताई, चूक माझी आहे."

ती म्हणाली, "ते जाऊ द्या. मशीन ली जातीन का?" मशीन घेऊन जातील का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. शांतिलालभाईंचा टेम्पो उद्या येणार होता.

मी तडक बाजारात दुकान गाठलं. शांतिलालभाई गादीवर बसून एका गिऱ्हाइकाला चादरी दाखवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, बारा वाजता तुम्ही लिहिलं नोंदी खोट्या. आता चार वाजता म्हणता बाई खरी. मधल्या चार तासांत तिथे जेवण तर नाही झालं ना?"

आयुष्यभर मी लोकांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पहिल्यांदाच समोरून आली. राग आला, पण त्यांचं काय चुकत होतं? त्यांच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं, फक्त एवढं हसून नाही. मी कागद मागितला. बारा वाजताचा निष्कर्ष चुकीचा, दोष तपासनिसाच्या सूचनेत आणि तपासणीच्या वेळेत, असं लिहिलं. खाली चारही आकडे वेळेसकट मांडले आणि या वेळी 'प्रत्यक्ष पाहिले' लिहून सही केली.

शांतिलालभाईंनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "कापूस भरलेलं कव्हर म्हणता? मे महिन्यात?"

"हो."

"अरे राम. आम्ही मे महिन्यात दुकानात रजया खालच्या कपाटात टाकतो." ते वळून नोकराला म्हणाले, "मच्छरदाणीची जाळी काढ, बारीकवाली." मग मला, "उघडं ठेवायला सांगाल तर ती ऐकणार नाही. बायका वस्तू उघडी ठेवत नाहीत. माझ्या घरी टीव्हीच्या रिमोटला पण कव्हर आहे. श्वास घेणारं कव्हर द्या तिला."

एक्केचाळीस गुणांच्या त्या पेपरात हेच होतं, आणि ते मला एका कापडवाल्याने समजावलं.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. हवा आत जायची जागा पाठीमागे, बाहेर पडायची खाली. चारही बाजू जाळीच्या, वरचा तेवढा भाग कापडाचा, चारी बाजूंनी खालून चार बोटं अंतर. पिवळा दिवा दिसेल अशी खिडकी. मी आकडे सांगत होतो, सुरेखा खडूने खुणा करत होती. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "आठे शिवण टाकी तं जाळी फाटी जाई," आणि माझी रेघ पुसून तिची मारली. तिचं बरोबर होतं. मशीन पत्र्याच्या भिंतीपासून हलवून सावलीच्या बाजूला घेतलं आणि टेबलफॅन माणसांकडे वळवला. पोपट तिने उसवून जाळीवर पुन्हा लावले. भर दुपारी, कव्हर घालून, चाळीस मिनिटांनी मोजलं. ९२.८.

हे मशीन केतकीच्याच कंपनीचं, म्हणून दोन्ही कव्हरांचे फोटो तिला पाठवले. तिचा फोन आला. "आम्ही धूळ उडवून चाचणी केली, उष्णतेत केली, पाडून केली. गोधडी घालून कोणी केली नाही रे." मग म्हणाली, "पोपट कोणी काढलेत?"

सहा आठवड्यांनी गेलो ते न कळवता, दुपारी दोन वाजता. तेव्हापासून सगळीकडे तसाच जातो. कव्हर जागेवर, मशीन चालू, आबांच्या बोटावर ९०. काट्यावर ६७२ च्या जागी ६६१ तास. मी तोंड उघडायच्या आत सुरेखाने वही पुढे केली. लाइट कधी गेली आणि कधी आली, तारखेसकट. बेरीज अकरा तास दहा मिनिटं. दहा मिनिटं जास्तच होती, ती मी सोडून दिली.

मी माझं मोजायचं यंत्र बाहेर काढलं तशी ती म्हणाली, "भाऊ, एक इचारू? आम्हनं मशीन तुम्ही तपासतस. तुम्हनं कोन तपासस?"

वीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, मोठ्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांनीही नाही. मी खूश झालो. सांगितलं की हे यंत्र दर वर्षी प्रयोगशाळेत जातं, त्याचंही प्रमाणपत्र असतं. आणि मोठ्या ऐटीत बॅगेतून ते काढून तिच्या हातात दिलं.

तिने इंग्रजी मजकूर सोडून दिला आणि बोट थेट तारखेवर ठेवलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे. "हाई तं सरी गयं ना भाऊ."

मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती.

आबांना हसू आलं. हसता हसता ते खोकले, बोटावरचा आकडा ८६ वर गेला, आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. ८७. ८८. ९० झाल्यावर आबा म्हणाले, "साहेब, आते तुम्हनं मशीन उचली लई जातीन का?"

मी त्या दिवशीचं माप घेतलं नाही. सुरेखाने वहीत लिहिलं: 'साहेब आले. त्यांचे यंत्र चालले नाही. परत बोलावले.' मी खाली सही केली आणि जळगावला परतलो.

ती वही मी अनघाला दाखवू शकत नाही, ती दोंडाईच्याला आहे. पण अर्जाच्या रकान्यात 'हा विषय का निवडला' असं विचारलं होतं, तो रकाना भरण्याआधी तिला मी एक काम सांगितलं. पुढच्या फेरीला माझ्याबरोबर चल, सुरेखाताईंच्या घरी दुपारभर बस, आणि काही बोलू नकोस. फक्त बघ.